न उजळलेला काठ

नवरा गेल्यावर फ्रीजरमध्ये त्याच्या जिवाणूंची एकच नळी उरली होती. आम्ही दोघं बारामतीतल्या एका महाविद्यालयात शिकवायचो आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत दोन जिवाणूंचं बोलणं जुळवायचो. त्याच्या जिवाणूंनी एक रसायन सोडायचं, माझ्या जिवाणूंनी ते ओळखून हिरवं चमकायचं. त्यासाठी लागणारी जनुकं आम्हीच बाहेरून घातलेली. घरापेक्षा तिथंच आम्ही एकमेकांशी जास्त बोलायचो.

पुण्यानुमोदनाला आलेली माणसं परतली आणि घर गप्प झालं. आई भवानीनगरला चल म्हणत होती. मी गेले नाही. मग काटेवाडीहून सासऱ्यांचा फोन आला. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही. पोराचं काम एकदा डोळ्यांनी बघायचंय, म्हणाले. मी ती नळी काढली. प्लेटवर एका बाजूला त्याचे जिवाणू आणि अगदी शेजारी माझे, अशा दोन रेघा ओढल्या.

त्या वाढल्यावर तात्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. येताना त्यांनी पिशवीभर वांगी आणली. प्लेट हातात घेऊन म्हणाले, "येवढ्याशा ताटलीत दोन भावक्या? आन् बांधावरनं भांडण न्हाय?"

मी खोलीत अंधार करून निळा दिवा लावला. दोन्ही रेघा चांगल्या भरल्या होत्या. पण माझ्या रेघेचा त्याच्या बाजूचा काठ उजळला नव्हता. कारण मला माहीत होतं. रसायन बनवण्यात पेशीची ताकद खर्च होते. जी पेशी ते बनवणं सोडते ती भराभर वाढते आणि हळूहळू अशा मुक्या पेशीच उरतात.

तेच रसायन कपाटात विकतचं होतं. एक थेंब टाकला असता तर उद्यापर्यंत काठ उजळला असता. निरोप पेशीनं धाडला की बाटलीतून आला, हे माझ्या जिवाणूंना कळत नाही. तात्यांनाही कळलं नसतं. फक्त 'उद्या परत या' म्हणायचं होतं.

"तात्या," मी म्हणाले, "त्याचे जिवंत आहेत, पण बोलत नाहीत."

ते प्लेटवर वाकले. पुन्हा बोलके करता येतील का, असं त्यांनी विचारलं. जनुक परत घालता येईल, पण मग ते माझं काम होईल, त्याचं नाही, असं मी सांगितलं.

"व्हय, त्याचं न्हाय," ते म्हणाले. "पर तुझं बी बघाय यीन की, पोरी. कळीव."

त्यांना फाटकापर्यंत सोडून आले आणि त्या मुक्या रेघेतला एक ठिपका नव्या नळीत घेतला. जनुक परत घालणं अजून जमलेलं नाही. समोरच्या स्टुलावर कोणी नसतं, त्यामुळे चुका उशिरा कळतात. जमलं की पहिला फोन कुणाला करायचा, एवढं मात्र ठरलं आहे.