मंडळानं केलेला सत्कार

सत्कार करायची खाज आम्हा मराठी माणसांना असतेच, मान्य. पण अमेरिकेत एडिसनला येऊन आमच्या ह्यांची ती फारच वाढली. पाहुणा दिसला रे दिसला, की घाल शाल, दे नारळ!

सुचित्रा थापा आमच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहते. मूळची नेपाळची. ओक ट्री रोडवर पार्लरमध्ये थ्रेडिंग करते. पोरगी फार गुणी. कागदपत्रांपायी कित्येक वर्षं आईला भेटली नव्हती. आत्ता कुठे ग्रीन कार्ड हातात आलं आणि तिनं तिकीट बुक केलं. "काकू, पोहोचले की पहिली आईच्या मांडीवर झोपणार," म्हणायची.

तेवढ्यात तिचा भाऊ ऋषी इकडे आला. तिकडे निवडणुकीला उभा राहणार होता, म्हणून इथल्या नेपाळी लोकांना भेटायला आलेला. झालं! इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ह्यांनी त्याला स्टेजवर ओढलं. शाल घातली, मागे आपला तिरंगा, आणि माइकवर बोलले काय, तर "नेपाळ म्हणजे आपला धाकटा भाऊ! ऋषी निवडून आला की तिकडे दिल्लीचा माणूस बसला म्हणून समजा!" टाळ्यांचा कडकडाट. वर फेसबुक लाइव्ह.

मी म्हटलं, "अहो, त्याला काय वाटलं असेल?"

"तुला पॉलिटिक्स कळत नाही, नीला," म्हणाले.

तो व्हिडिओ तिकडे गावोगाव फिरला. ऊठसूट कुणी धाकटा म्हटलेलं आवडतं का हो कुणाला? ऋषीच्या भागात तर 'दिल्लीचा माणूस' ही शिवीच. विरोधकांनी त्याला झोडपून काढलं. मग त्यानं सगळं बहिणीवर ढकललं. ती भारतीयांची मिंधी झालीय, तिनं मला फसवून तिथं नेलं, आजपासून ती आम्हाला मेली! नुसतं बोलला नाही, तर भर चौकात मांडव घालून आईच्या हातून तिचं तेरावं घातलं. जिवंत पोरीचं! लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. भरघोस मतांनी निवडून आला.

आणि त्यानंतरचा पहिला दौरा कुठे? दिल्ली! हात जोडून, हसून फोटो.

"बघ, आला ना आपला माणूस?" हे म्हणाले.

"जळो मेलं तुमचं पॉलिटिक्स," मी म्हटलं.

सुचित्राला मात्र आशा वाटली. भाऊच दिल्लीला जाऊन आला, मग आता राग कसला? माझ्याच किचनमध्ये बसून तिनं स्पीकरवर आईला फोन लावला. "आई, आता येऊ ना गं?"

म्हातारी रडत होती. मला कळतं तेवढ्या नेपाळीत सगळं कळलं.

"नको येऊस, बाळा. तू घरात दिसलीस तर लोक म्हणतील, ते सगळं नाटक होतं. ऋषीचं पद जाईल."



म्हातारीनं आवाज बारीक केला. "तेराव्याला तुझ्या आवडीची खीर केली होती गं मी. सगळे पोटभर जेवले."