खाडीच्या मुखावरचं दुसरं मशीन

आमच्या मावशीच्या यजमानांइतकं पाण्याखालचं ऐकणारा माणूस पेडणे तालुक्यात झाला नाही, आणि पाण्यावरचं इतकं कमी ऐकणाराही झाला नाही. मावशी तीनदा जेवायला हाक मारी, तरी हे ढिम्म. पण मोरजीच्या काठावर बसून वल्ह्याचं पातं खाडीत बुडवलं आणि दांड्याला कान लावला, की लांबून येणाऱ्या होडीचं मशीन कुणाचं, शाफ्ट किती जोरात फिरतोय, होडीत मासळी आहे की नुसतं जाळं, सगळं सांगत. एकदा म्हणाले, "ह्यो आज बायलेशी भांडान इलोहा." होडी काठाला लागली तेव्हा त्या माणसाच्या कपाळावर टेंगूळ होतं. मावशी म्हणाली, "हेंका माझ्या पोटाक वल्हा लावून आयकूक सांग. भूक लागलीहा ती तरी कळात."

मावसांचा धंदा होड्यांच्या पंख्यांचा. घरामागच्या माटवात, म्हणजे झावळ्यांच्या मांडवात, पितळी पंखा ठोकळ्यावर ठेवायचा आणि हातोडीने पाती कमी-जास्त पिळायची. त्या पिळाला ते पीच म्हणत आणि तो सगळ्या जगाला समजावून सांगायची त्यांना भारी हौस. पोस्टमनच्याही हातात स्क्रू आणि फळी देत. "फिरव एक येढो. कितको आत गेलो? तोच पीच. पण पाणी म्हणजे लाकूड न्हय. ता सरकता." पीच जास्त असला तर एका फेऱ्यात होडी लांब पल्ला घेते, पण ओझं आलं की मशीन गुदमरतं, शाफ्टचे फेरे कमी होतात. पीच कमी असला तर मशीन हलकं फिरतं, भरलेली होडी ओढतं, पण धाव बेताची. माणसंही ते याच मापाने मोजत. गावच्या एका पुढाऱ्याविषयी म्हणत, "शाफ्ट मस्त फिरता, होडी जाग्यार." त्या दिवसांत गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी यावरून घराघरांत ताटं आपटत होती. मावसा दोन्ही बाजूंना एकच सांगत, "मशीनाक विचार, ता खंयच्या भाशेत दमता."

दुरुस्तीला आलेले पंखे पडवीत दोरीला टांगलेले असत. वारा अगदी पडलेल्या दुपारी त्यातला एखादाच सावकाश फिरू लागे. बाकीचे स्थिर. मावसा हातोडी खाली ठेवत, खाडीच्या मुखाकडे बघत आणि मग उठून त्या पंख्यावर हात ठेवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी बी.एस्सी. झालेला. कोरगावच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. म्हटलं, "मावसा, दोरीचा पीळ सुटतोय." म्हणाले, "व्हय, पीळच तो."

खरं काय ते मावशीने सांगितलं. मावसांचा एक धाकटा भाऊ होता, बाबू. त्याला सगळ्यांच्या आधी मासळी घेऊन जेटीवर पोचायचं होतं, म्हणून त्याच्या हट्टापायी मावसांनी त्याच्या पंख्याला जादा पीच दिला. रिकामी होडी उडाली. भरलेली होडी मुखावरच्या वाळूच्या पट्टीवर आली, मागून लाट उठली, आणि मशीनने वेग घेतलाच नाही. भावाचा देह दुसऱ्या दिवशी सापडला. होडी, मशीन, पंखा, काही नाही. तेव्हापासून दिवस कलला की मावसांना दांड्यातून ते मशीन ऐकू येई. पट्टी ओलांडायला धडपडणारं, आणि ओलांडू न शकणारं. हे सांगताना मावशीने आवाजही खाली घेतला नाही, तेच जास्त अंगावर आलं. "रोजचाच आसा ता. पाच वाजता चाय, साडेपाचांक भावजी."

एवढं ठाऊक असूनही मी शहाणपणा केला. गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मावसांच्या एकुलत्या मुलाने, माझ्या मावसभावाने, नवं मशीन घेतलं. त्यालाही जेटीवर पहिला नंबर हवा होता. वडील पीच वाढवून देईनात, तेव्हा तो माझ्याकडे आला. मी वही उघडली, शाफ्टचे फेरे आणि पीच यांचा गुणाकार केला, पाण्याची घसरसुद्धा वजा केली. जादा पीचचा पंखा म्हापशाहून आणला आणि आम्ही दोघांनी मावसांच्या नकळत बसवला. खाडीत रिकामी होडी अशी सुटली की काठावर उभा राहून मी स्वतःवरच खूश झालो. घसर मी धरली होती. मासळी धरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावसा वल्ह्याला कान लावून बसले होते. मावसभाऊ बांगडे भरून परतत होता, होडी दिसूही लागली होती. मावसांचा चेहरा एकदम उतरला.

"पंखो कोणी बदललो?"

मी कबूल केलं. ते रागावले नाहीत, त्यांनी कानही काढला नाही. "पोराचा मशीन गुदमारता," ते म्हणाले. आणि कान आणखी दाबून, "फाटसून दुसरा येता."

मी पाहिलं. होडी एकच होती, तिच्यामागे मोकळा समुद्र. मी खाली वाकून दांड्याला कान लावला. एक घरघर होती. तिच्यामागे आणखी एक, जड, कण्हल्यासारखी. पाण्यात प्रतिध्वनी होतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

होडी पट्टीवर आली. तिच्यामागे लाट उभी राहू लागली. होडी जणू जागची हलेना. मावसा कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि ओरडले. पण मुलाला नव्हे. "बाबू रे! पोर आसा आपला! बघ रे तेका!"

होडी अचानक डावीकडे वळली. लाट जिथे फुटली, तिथे क्षणापूर्वी माझा मावसभाऊ होता.

काठाला लागला तरी तो मुखाकडेच बघत होता. "फाटसून कोण होतो?" तो म्हणाला. "भरलेली होडी असतली, मशीन साफ दमलेला. मुखावर भरलेल्याक वाट देवची म्हणून बाजूक झालंय. वळान बघतंय तर कोण नाय."

मावसांनी एवढंच विचारलं, "दमलेला?"

"व्हय बाबा. आता बंद पडात असा."

ते वाळूत बसले. "म्हणजे अजून तोच पंखो," ते म्हणाले. "मी दिल्लो तो."

आमचा पंखा त्यांनी स्वतः उतरवला. मग तीन दिवस ते माटवात एका पितळी पंख्याची पाती पिळत बसले. थोडं ठोकायचं, डोळ्यांसमोर धरायचं, मान हलवायची, पुन्हा ठोकायचं. पीच कमी करत होते. मला वाटलं, मुलासाठी.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे होडीतून मुखावर गेलो. पाणी तेलासारखं संथ होतं. मावसांनी पिशवीतून तो पंखा काढला, सदऱ्याने पुसला आणि दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. पितळ थोडा वेळ चमकत खाली गेलं. "घे, ह्यो लाव," ते म्हणाले. "आता पट्टी चढशीत. सावकाश चढ, घाय नाय."

हसायचं धाडस मला झालं नाही. वहीत मांडण्यासारखंही त्यात काही नव्हतं.

परतताना त्यांनी मशीन बंद करायला लावलं. आम्ही वल्हवत निघालो, आणि त्या वाटेवर मावसा पहिल्यांदाच भावाविषयी बोलायला लागले. तो गूळ कसा चोरायचा, पोहायला शिकवताना मावसांच्याच मानेला कसा लटकायचा, एका लग्नाच्या वरातीत बँडवाल्याचा कर्णा घेऊन कसा पळाला. मावसा बोलता बोलता हसत होते आणि डोळे पुसत होते. मावसा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या सकाळी घर जवळ आलं तरी त्यांचं सांगणं संपेना, तेव्हा मावसभावाने वल्हं हळूच उचलून आडवं ठेवलं आणि होडी भरतीवर तशीच वाहू दिली.