अव्वानं फोनला विचारलेलं

सोलापूर स्टेशनवर गाडी सुटायच्या बेतात होती, तेव्हा मी माझा जुना फोन अव्वाच्या हातात कोंबला. अव्वा म्हणजे माझी आई. कर्नाटकच्या सीमेवर मैंदर्गीकडं, आमच्या कन्नड बोलणाऱ्या घरांत असंच म्हणतात. "वापर आता, सगळं लावून दिलंय," म्हटलं. ती म्हणाली, "तू नीट ऱ्हा, आमची काळजी करू नको." दोघीही रडलो नाही, निदान गाडी हलेपर्यंत तरी.

आता डब्लिनला पीएचडी करते. विषय काय, तर ऑनलाइन जाहिरातवाल्यांना ग्राहकाचं खासगी किती कळतं! गावात शेजारीण आमच्या पातेल्यात डोकावायची तेव्हा मी चिडायचे. इथं शेजाऱ्याचं नावसुद्धा ठाऊक नाही. मला दिसणाऱ्या जाहिरातींची रोज नोंद ठेवते. मध्यंतरी कन्नडमधून लेप, काढे, 'छातीतली गाठ बिनऑपरेशन घालवा' असलं काहीबाही यायला लागलं. मी तिशीतली, धडधाकट. गाइडला हसत सांगितलं, बघा, यांचा अंदाज किती बावळट! नोंदीत लिहिलं: चुकीचा ग्राहक.

गेल्या महिन्यात नोंदी पडताळायला अकाउंट उघडलं. जुन्या फोनवर माझंच अकाउंट राहिलं होतं. अव्वा फोनला कन्नडमधून बोलून विचारायची, ते सगळं तिथं उमटलेलं. गाठ दुखत नसली तर साधी असते का. बाई डॉक्टर कुठं हायत. चार महिने! आणि दर रविवारी मला काय, तर "मी बरी हाय की." अगं, कशी गं तू? आणि मी तरी कसली शहाणी, कपाळ माझं!

लगेच फोन लावला. गाठीचं नाव काढलं. ती दबक्या आवाजात म्हणाली, "तुला कुणी सांगितलं? तुझ्या अप्पांनाबी ठाव न्हाय. फोन कुणाला सांगणार न्हाय म्हणून तर त्याला विचारलं की गं."

लोकांच्या खासगीपणावर पानंच्या पानं लिहिणारी मी, आईचं मात्र तिला न विचारता वाचून बसले होते. माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, घरी दिलेल्या फोनवर तुमचंच अकाउंट राहिलंय का ते एकदा बघा, खरंच सांगते.

अव्वाला विचारूनच माझ्या वहिनीला सांगितलं; तिनं तिला सोलापुरात डॉक्टरला दाखवलंय. तपासणीचा निकाल यायचाय, मला लई भीती वाटतेय. तिकीट काढलंय. पूर्वी घरी जायचं म्हणजे खायचं आणि लोळायचं. आता अव्वाच्या शेजारी बसायचंय, आणि ती सांगेल तेवढंच ऐकायचंय.