हवाबंद घर

घरं उबदार ठेवणारा तळघरातला जुना बॉयलर सांभाळणाऱ्याला अख्खी बिल्डिंग ‘बंबवाले’ म्हणायची. त्यामुळे बॉयलर मोडीत काढायच्या योजनेसाठी तेच दारोदार फिरू लागले, तेव्हा लोकांना नवल वाटलं.

योजना सोपी होती. भिंतींना बाहेरून जाड अस्तर, घट्ट बसणाऱ्या नव्या खिडक्या, गच्चीवर सोलर, विजेवर चालणारी ऊब. खर्च सगळा कंपनीचा. इंधनात जी बचत होईल तिच्यातून कंपनी वर्षानुवर्षं आपला वाटा घेणार. फक्त सगळ्या बिऱ्हाडांची संमती हवी.

“तुमच्याच पोटावर पाय येतोय की,” शेजारचे शिंपी म्हणाले.

“येऊ दे. बॉयलरच्या धुरानं आमच्या हिची छाती भरते. मी कुठेही रखवाली करीन.”

त्यांच्या शब्दावर शिंप्यांनी सही केली, मग बाकीच्यांनीही.

पहिला हिवाळा झकास गेला. मग कंपनीनं हा करार दुसऱ्या कंपनीला विकला. हवा खेळती ठेवणारे पंखे दुसऱ्या टप्प्यात बसायचे होते. पंख्यांनी बचत वाढत नाही म्हणून नव्या मालकांनी ते रद्दच केले. घरात वाफ कोंडली. पलंगामागे काळी बुरशी चढली आणि बंबवाल्यांची बायको धुराशिवायच खोकू लागली.

खिडकी उघडी दिसली की कंपनीचा माणूस हजर. “ऊब वाया जाते. करारात बसत नाही.”

“आणि श्वास घेणं बसतं का?”

“वर कळवतो,” तो अदबीनं म्हणाला.

शेवटी बंबवाल्यांनी ड्रिल आणून भिंतीला आरपार भोक पाडलं. आवाज ऐकून शिंपी आले. “माझ्याकडेही पाडा.” बघता बघता भिंतींची चाळण झाली. कंपनीनं दुरुस्तीची हमी काढून घेतली. थंडीत यंत्रणा बंद पडली, तेव्हा दुरुस्तीला कोणी फिरकलं नाही.

“बुरशी होती तेव्हा निदान ऊब तरी होती,” शिंपी जिन्यात म्हणाले आणि पाठ फिरवून वर गेले.

बायकोला तिच्या बहिणीकडे पोचवावं लागलं. घर विकावं म्हटलं, तर करार घरालाच चिकटलेला, घेणारा मिळेना.

“जेवलात का?” तिनं फोनवर विचारलं.

“हो.”

“तुम्हीही इकडेच या ना.”

“लोक इथे कुडकुडतात. त्यांना मीच यात घातलं. कुठल्या तोंडानं निघू?”

ती काही बोलणार, तोच खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत ते फोन कानाला लावून उभे राहिले.