सिद्धप्पाची तिकिटाची खिडकी

आमच्या बोरखेड्याचं ठेसान कशानं बंद पडलं, हे कळलं तवा माजी वाचाच बसली. आन् शिवबाईची वाचा बसणं म्हंजे काय, ते गावात कुणालाबी इचारा.

ठेसान म्हंजे तरी काय, एक पत्र्याची खोली, एक लिंबाचं झाड आन् मातीचा फलाट. गाडी मिनिटभर थांबायची. पण त्या मिनटावर अख्खं गाव उबं राहिलं, बरं का! आदी हितं सात घरं होती आन् नुसती ज्वारी, मेथी असली तर परसात चार वाफे. सकाळची पॅसेंजर थांबाया लागली तशा लोकांनी हिरी पाडल्या, मेथी-कोथमीर लावली. पहाटं खुडलेली भाजी आठाच्या आत सोलापुरात. मी तितं सात रस्त्याच्या चौकात पाटी घेऊन बसायची, बायका माजी वाट बगत उब्या असायच्या. हां हां म्हणता साठ घरं झाली. गिरणी आली, सलून आलं, च्याची दोन हाटेलं झाली.

तिकिटं द्यायला रेल्वेनं गावातलाच माणूस नेमला होता, सिद्धप्पा. पगारी न्हवं, कमिशनवरचा. शिडशिडीत, कपाळाला इभूत, घरात कानडी बोलायचा. गाडी यायच्या आदी फलाट झाडायचा, म्हाताऱ्यांना हाताला धरून डब्यात चढवायचा. कुणाची पाटी खाली राहिली की गार्डाला हात करून गाडी धरून ठिवायचा. लेकीच्या लग्नादिवशीबी आदी गाडी काढली, मग आला अक्षता टाकायला. असला येडा माणूस!

गावच्या माणसाकडं तो तिकिटाचं नावच काढायचा न्हाय. आमी जाताजाता खिडकीत मेथीची एकेक जुडी ठिवायचो आन् गाडीत बसायचो. टीसी कदी आलाच, तर तोबी वळकीचा. सिद्धप्पाच्या घरी रोज भाकरीसंगं मेथीच. त्याचं कमिशन बुडतंय, हे कुणाच्या डोक्यातबी आलं न्हाय.

मग लॉकडाऊनमदी गाडी बंद झाली. पुन्यांदा चालू झाली, पण आमच्याकडं थांबंना. भाजीला टेंपो परवडंना. मेथीच्या वाफ्यात लोकांनी तुरी पेरल्या, गिरणीला कुलूप लागलं, पोरं पुण्याला गेली. शेवटी मी, सिद्धप्पा आन् आणखी पाचजण सोलापूरच्या हापिसात गेलो. मी तर भांडायच्या तयारीनंच पदर खोचून गेले.

साहेबानं कॉम्प्युटर आमच्याकडं फिरवला. "आजी, तुमच्या हॉल्टवर दिवसाला सरासरी दोन माणसं चढत होती. दोघांसाठी गाडी कशी थांबवायची?"

"दोन?" मी वरडले. "आवं साहेब, निस्त्या बायकाच चाळीस असायचो की आमी!"

"मग त्यांची तिकिटं कुठायत?"

सिद्धप्पाकडं बगितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक. वीस वर्सं त्या गाडीत बसले मी, वीस वर्सं! आन् रेल्वेच्या लेखी मी कदी चढलेच न्हाय.

गावात आलो तर सिद्धप्पा घरी जायचा सोडून ठेसनावर गेला आन् खराटा घेऊन फलाट झाडाया लागला. माजं डोकंच फिरलं.

"अरं मुडद्या, आता कुणासाठी झाडतोस? आमी आडाणी, पर तू तर तिकिटं देणारा! तुला मागता येत न्हवती व्हय?"

तेवड्यात सांजची पॅसेंजर आली. तो खराटा टाकून सरळ उबा राहिला. गाडी शिट्टी मारून न थांबता गेली, निस्ता धुरळा आमच्या तोंडावर.

मग तो म्हणाला, "मागितलं होतं की, शिवाक्का. गाडी पयल्यांदा थांबली त्या दिवशी. रांगेत पयली तूच होतीस."

मला चटकन आठवलं. "घरच्या माणसाला तिकीट मागतोस, लाज वाटती का रं?" म्हणून चारचौघांत वरडले होते. सगळी हसली होती. सिद्धप्पानं मान खाली घातली होती, आन् पाटीतली मेथीची जुडी काडून मी त्याच्या खिडकीत आपटली होती. मागच्या बायांनीबी मग तेच केलं.