हयवदनअण्णांची भिंत

बनशंकरीचे हयवदनअण्णा दारं-खिडक्या करणारे सुतार. त्यांच्या घराण्याचा कूस-खाचेचा सांधा, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घालायची, तो सरस लावून एकदा बसला की पुन्हा सुटत नसे, आणि त्याचाच त्यांना मोठा अभिमान. पण तिथल्या मराठी मंडळाला नाटकासाठी त्यांच्याकडून दरवेळी सुटून नव्याने उभी राहणारी, हलकी भिंत हवी होती. गेल्या वर्षीची खिळ्यांनी ठोकलेली भिंत दार आपटताच डुलली, आणि रडायच्या प्रसंगाला लोक खो खो हसले होते.

"तुमचा सांधा तुमच्यासारखाच," अनुसूयाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "एकदा बसला की उठायचं नाव नाही."

"स्वल्प थांब गं," अण्णा म्हणाले.

त्यांनी हलक्या लाकडाच्या चौकटी करून त्यांवर कापड ताणलं. कोपरे घराण्याच्या सांध्यानेच पक्के केले. चौकटीला चौकट जोडायला मात्र सळई उपसली की सुटणाऱ्या बिजागऱ्या लावल्या, मागून तिरके टेकू दिले. चहाला उकळी येईपर्यंत अनुसूयाबाईंनी एकटीने सगळी भिंत सोडून पुन्हा उभी केली.

प्रयोगात नायिकेने घर सोडताना दार धाडकन आपटलं. भिंत देवळाच्या खांबासारखी उभी राहिली. सभागृहभर लोक डोळे पुसत होते. एकटे अण्णा तोंडभर हसत होते, आणि अनुसूयाबाई त्यांना चिमटे काढत होत्या.