दुधाची गाडी की म्हैस

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गावातली दूध संस्था बंद पडली. गोठेच रिकामे झाले, मग संस्थेत दूध कुठून येणार? संस्थेची गाडी म्हणजे एक जुनी, बंद पाठीची व्हॅन. ती कार्यालयामागच्या बाभळीखाली उभी राहिली ती राहिलीच. माझे मालक त्या गाडीवर ड्रायव्हर होते. गाडी थांबली तसे तेही थांबले. सकाळी चहा घ्यायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. कुणी बोलले तर हूं म्हणायचे.

पुढे संस्थेने गाडी विकायला काढली. जुना ड्रायव्हर म्हणून आधी यांना विचारले. पुढच्या बाजारापर्यंत हो की नाही ते सांगायचे होते. त्या दिवशी जेवताना ते किती दिवसांनी भरभरून बोलले.

"गंज काढून रंग देतो. युसूफ वडगावच्या बाजाराला मानसं नेली तरी चूल पेटंल."

"आन् पैसं?" मी विचारले.

त्यांनी गोठ्याकडे पाहिले. मला कळायचे ते कळले.

गोठ्यात एकच जनावर उरले होते, माझी म्हैस. माझ्या माहेराहून, धर्मापुरीकडून, पारडी असताना आलेली. आता ती गाभण होती. भाकड जनावर कुणी फुकटही नेत नव्हते, पण गाभण म्हशीला गिऱ्हाईक होते. चार दिवसांत चारा छावणी सुरू होणार होती. माजलगावकडून उसाचे वाढे येणार, जनावर तिथे बांधायचे आणि घरातल्या एकाने तिथेच मुक्काम करायचा. मी मनातल्या मनात छावणीवर जायची तयारी केली होती.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "चल, तू बी बघ." पुरुषमाणसे असतात तिथे मी सहसा जात नाही. पदर पुढे ओढून गेले आणि बाभळीपाशी उभी राहिले. यांचा दोस्त असलेला मिस्त्री आधीच येऊन बसला होता.

"काय बे, पोरगी बघायला आल्यावानी नटून आलास की! गाडी पुढून तर झ्याक दिसती."

इंजिन बघून त्याने मान हलवली. मग मागचे दार उघडले. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून गाडीच्या तळाला ओली गोणपाटे अंथरायची, त्यावर दुधाचे कॅन ठेवायचे आणि वरूनही ओली गोणपाटे टाकायची, ही आमच्या संस्थेची रीत. दूध घालायला आलेल्या आम्ही बायाच ती हौदात भिजवून द्यायचो. सुकली की पुन्हा पाणी मारायचे. पण खालची गोणपाटे उचलून तळ कोरडा करावा, हे कधी कुणाच्या मनात आले नाही. आता ती पत्र्याला चिकटून बसली होती. मिस्त्रीने एक ओढले, तर त्याच्यासंगे पत्र्याचा तुकडाच वर आला. भोकातून खालची माती दिसली.

मिस्त्रीचे हसणे थांबले. "दूध वाचवलं तुमी, पन गाडी खाल्ली की रे. सगळा तळ नवा टाकावा लागंल. हुईल, पन लई काम हाय."

"हुईल म्हनतोस ना?" हे म्हणाले आणि पुढे जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसले. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरले. इतक्या दिवसांत त्यांचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. तो पाहिला नसता तर बरे झाले असते, नाही म्हणणे सोपे गेले असते.

दोन दिवस तेच डोक्यात घोळत होते. म्हैस गेली आणि गाडी दारात नुसती उभी राहिली तर खायचे काय? आणि म्हैस ठेवली, पण माणूस असाच ओट्यावर बसून राहिला तर? भांड्यांचे निवळलेले पाणी म्हशीला पाजत होते, तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले.

"अहो, म्हैस न्हाई इकायची," मी म्हशीकडे बघतच बोलले.

"कावून?"

"ती व्याली की दूध हुईल. गाडी कवा चालंल ते मिस्त्रीला बी ठावं न्हाई."

ते ओट्यावर जाऊन बसले. संध्याकाळी जेवायला बसले, पण भाकरी तशीच ठेवून उठले.

बाजाराच्या दिवशी संस्थेचे चेअरमन ओट्यावर आले. मी दाराआड होते.

"मग, काय ठरलं?"

"न्हाई घेत, साहेब."

"कावून बे? बायकूनं आडवलं काय?"

हे हो म्हणाले असते, तर झालेच. दुपारपर्यंत सगळ्या पाणवठ्यावर माझ्या नावाचा बोभाटा झाला असता.

"ती कशाला आडवंल?" हे म्हणाले. "तळ सडलाय गाडीचा. मलाच न्हाई पायजे."

चेअरमन गेले. हे आत आले. माझ्याकडे पाहिले नाही. खुंटीवरचे दावे काढले, पाण्याची घागर उचलली आणि दारातूनच म्हणाले, "छावनीवर मी ऱ्हातो. तू घर बघ."